यंदाचा संघ दोनदा लिहिला

आमच्या महाडच्या कॉलेजात ग्रंथालयाबाहेर काचेची एक पेटी आहे. परीक्षेचे अर्ज, सापडलेल्या छत्र्या, रद्द झालेले तास, असल्या सूचना तिच्यात लागतात. दर वर्षी ऑगस्ट संपता संपता मी तिच्यात दोन पानं लावते. वर ठळक अक्षरांत ‘यंदाचा संघ’, आणि खाली आमच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात कोण आली, कोण गेली, काय जमेल आणि काय जमणार नाही, याचा अंदाज. कुणी मागितलेला नसतो. आमच्या जिल्ह्यात कबड्डी खेळणाऱ्या मुलीला चार गावं ओळखतात, बास्केटबॉल खेळणारीला घरचेही विचारतात, हे नक्की काय असतं. त्यामुळे आमच्याबद्दल लिहायचं तर मलाच लिहावं लागतं. मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका, पण मला लिहायची हौस आहे. ती हौस यंदा दोन घरांना महागात पडली, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या वर्षी आमच्याकडे सातच मुली होत्या. पहिल्याच फेरीत हरलो, आणि असे हरलो की समोरच्या मॅडमनी अर्ध्या खेळानंतर त्यांच्या राखीव मुली उतरवल्या. आमच्यावर दया आली म्हणून. ती दया मला महिनाभर घशाखाली उतरली नाही. यंदा मात्र नऊ मुली उभ्या राहिल्या होत्या आणि पहिल्यांदाच मला वाटत होतं की पहिली फेरी आपण काढू. पावसाने जरा उघडीप दिली की कोर्टवरचं शेवाळ मुली स्वतःच खराट्याने घासून काढायच्या. मी शिट्टी वाजवायच्या आत त्यांचा सराव सुरू झालेला असायचा.

तर मी लिहायला बसले. कर्णधार पाचाडची. तिच्या घरची गडाखाली खाणावळ आहे, सुट्टीच्या दिवशी ती दीडशे भाकऱ्या थापते, त्यामुळे तिच्या मनगटाबद्दल शंका नको, असं लिहिलं. एक दासगावची, म्हणजे माझ्याच गावची. वाऱ्यासारखी पळते, पण पळताना बॉल कुठे राहिला ते विसरते, असंही लिहिलं. गाववाली आहे म्हणून मी कुणाला सोडत नाही. प्रत्येक नावापुढे गाव आणि कंसात वाडी लिहायची आमच्याकडे रीतच आहे. कबड्डीच्या मैदानात माईकवर खेळाडूचं नाव पुकारतात तेव्हा गाव आधी येतं, नाव मागून.

मग पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या दोघी. एक उंच. दार असेल तिथे ती सवयीने मान वाकवते. रिंगखाली ती उभी राहिली की समोरची मुलगी आधी तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे, यात काही फसवाफसवी नाही ना अशा नजरेने. दुसरी तिच्या खांद्याला लागेल एवढी. बॉल पुढे आणण्याचं काम तिचं. ही बॉल उंच टाकणार आणि ती तो हवेतच घेणार, हे त्या दोघींनी मला शिकवलं, मी त्यांना नाही. संघाची सगळी आशा या दोघींवर होती आणि मी तसं स्पष्ट लिहिलं.

आता जे सांगायचं ते सांगते. उंच मुलीचं घर तीन वर्षांपासून वाळीत होतं. तिच्या वडलांनी गावकीच्या, म्हणजे गावच्या पंचांच्या, विरोधात जाऊन अंगणातली जागा देवळाच्या सभामंडपाला द्यायला नकार दिला होता. तेव्हापासून वाडीत त्यांच्याशी कुणी बोलत नाही. लावणीला कुणी येत नाही. शिमग्याला पालखी शेजारच्या दारात नाचते आणि यांचं दार टाळून पुढे जाते. त्यांच्याशी जो बोलेल, त्यांच्या घरचं खाईल, त्यालाही तीच शिक्षा. त्यामुळे या दोन मुली फाट्यावर एसटीत चढायच्या तेव्हा एक पुढे बसायची, एक मागे. महाडच्या स्टँडवर उतरल्या की कॉलेजपर्यंत हातात हात. दुपारी माझ्या खोलीत, खेळाच्या सामानाच्या कपाटामागे बसून, दोघी एकाच डब्यात जेवायच्या. डबा उंच मुलीच्या आईचा असायचा. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ, कधी सुकट. मलाही अर्धी भाकरी यायची.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. मला कल्पना नव्हती, असं म्हणायची सोय नाही. दोन वर्षं मीच खोलीचं दार लोटून घेत होते. आणि तरी त्या पानावर मी लिहिलं, ‘एकाच वाडीच्या, एकाच डब्यात जेवणाऱ्या या दोघींना पास देताना एकमेकींकडे बघावं लागत नाही.’ लिहिताना एकदा हात थांबला होता. पण वाक्य चांगलं जमलं होतं. ही पेटी वाचतं कोण, असं स्वतःला समजावलं आणि ते तसंच ठेवलं.

वाचलं एका मुलाने. त्याने फोटो काढला आणि कौतुकाने पुढे पाठवला. दोन दिवसांत तो त्या वाडीच्या मुंबईकर मंडळाच्या ग्रुपवर पोचला. तिथे आधी टाळ्या आणि अंगठे पडले म्हणे, वाडीच्या पोरी कॉलेजच्या टीममध्ये आहेत म्हणून. मग कुणीतरी सावकाश वाचलं.

पुढच्या सोमवारी दोघेजण माझ्या खोलीत आले. एक लहान चणीच्या मुलीचे वडील. ते लोअर परळला एका ऑफिसात पॅन्ट्री सांभाळतात, या कामासाठी सुट्टी टाकून आले होते. दुसरे गावकीतले एक म्हातारे, पांढरी टोपी, पायातल्या चपला दाराबाहेर काढून ठेवलेल्या. मी भांडणाच्या तयारीने उभी राहिले, तर म्हाताऱ्यांनी हात जोडले.

“मॅडम, तुमच्याशी आमचा काय वाद नाय,” ते म्हणाले. “तुमी शिकवता, चांगला हाय. फक्त लिवलंय ते खरा का खोटा, तेवढा सांगा.”

मी सरळ कायद्यावर आले. वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, मी पोलिसांत जाऊ शकते, असं बरंच बोलले. आवाज चढला होता. म्हातारे ऐकून घेत होते. वडलांनी मात्र मला मध्येच थांबवलं.

“कायदा हाय, मॅडम. माहिती हाय मला. पण दिवाळीनंतर मोठ्या पोराचा लगीन हाय. मांडव कोन घालनार, पंगत कोन वाढनार? पोलीस येनार हायत काय वाढायला? मुलीकडच्यांना कळला आमी वाळीत, तर ते मॅरेज कॅन्सल करतील. सीधी बात हाय.” मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “पोरगी दोन दिवस जेवली नाय. ती बोलते, मॅडमनी खरा तेच लिवलं. तुमी सांगा, मी काय करू?”

त्यांना खोलीतच बसवून मी प्राचार्यांकडे गेले. ते म्हणाले, कॉलेजचं नाव मध्ये येऊ देऊ नका, तुमच्या पातळीवर मिटवा. त्यांची पातळी आणि माझी पातळी यांत एक जिना आहे, तो मी उतरून परत आले.

गावकीच्या अटी दोन होत्या. मुलीने ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून सांगायचं की त्या घरचं अन्न मी खाल्लेलं नाही. आणि कॉलेजने लेखी द्यायचं की छापलेलं चुकीचं होतं आणि दोघी एका संघात नाहीत. एका संघात नाहीत म्हणजे एकीने जायचं. कोणी जायचं, ते म्हाताऱ्यांनी सांगितलं नाही. ते माझ्यावर सोडलं.

रात्रभर विचार केला असं लिहायला बरं वाटलं असतं. खरं तर दहा मिनिटं लागली. एकीच्या घरी लग्न होतं, भाऊ होता, मोडण्यासारखं पुष्कळ होतं. दुसरीच्या घरी मोडायचं ते मोडून झालं होतं. तिला काढलं तर गावात तिचं काही नवीन नुकसान होणार नव्हतं. असा विचार करून मी उंच मुलीचं नाव खोडलं. हे वाचताना तुम्हाला जसा राग येतोय तसा मलाही येतो, पण त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं होतं.

तिला मीच सांगितलं, खोलीत बोलावून. तिने सगळं ऐकलं. रडली नाही. फक्त विचारलं, “तिचं नाव राह्यलं ना?” राहिलं, असं मी म्हटलं. मग तिने कपाटातला स्वतःचा टी-शर्ट काढला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि वर्गात गेली. दार ओलांडताना तिने मान वाकवली.

दुसरा ‘यंदाचा संघ’ मी त्याच संध्याकाळी लिहिला. आठ नावं, गावांशिवाय. खाली एक टीप: आधीच्या मजकुरात दोन विद्यार्थिनींच्या मैत्रीबद्दलची माहिती अनवधानाने चुकीची छापली गेली. त्यावर सही आणि कॉलेजचा शिक्का. म्हाताऱ्यांनी त्याचा फोटो काढायला आपल्या नातवाला लावलं, कारण त्यांना फोन चालवता येत नव्हता. जाताना म्हणाले, “लई उपकार झाले, मॅडम.” त्या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी एखाद्या शिवीने वाटली नसती.

स्पर्धा अलिबागला झाली. आम्ही पहिल्या फेरीत हरलो. कर्णधाराने जीव तोडून खेळ केला, दासगावची पोर या वेळी बॉलसकट पळाली. लहान चणीची मात्र पूर्वार्धात तीनदा बॉल उंच, रिंगच्या डाव्या अंगाला टाकत राहिली. तिथे कुणीच नव्हतं. तिन्ही वेळा बॉल बाहेर गेला. बाकावरच्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, पण तिला ओरडलं नाही कुणी. चौथ्यांदा ती थांबली, बॉल हातात धरून उभी राहिली आणि पाच सेकंदांहून जास्त धरला म्हणून शिट्टी वाजली. मग मी तिला बाहेर घेतलं. ती माझ्या शेजारी न बसता बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला गेला, लग्न ठरल्याप्रमाणे झालं. मांडव पडला, पंगती उठल्या. मला आमंत्रण होतं, मी गेले नाही.

उंच मुलगी अजून कॉलेजात आहे. एसटीने येते, तासांना बसते, पेपर देते. माझ्या खोलीत ती परत आली नाही. डबा कुठे खाते, मला माहीत नाही. मला वाटायचं, ती माझ्यावर रागावली आहे, आणि ते बरंच होतं. राग असला की निदान कधीतरी तो काढता येतो.

परवा वर्ग सुटल्यावर ती व्हरांड्यात एकटी उभी दिसली. मी मुद्दाम वाट वाकडी करून तिच्याकडे गेले. जेवलीस का, अभ्यास कसा चाललाय, पुढच्या वर्षी सरावाला येशील का, सगळं काही सुधारेल, असं एका दमात काहीतरी बोलले. तिने माझं बोलणं संपू दिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. काळजी होती, आणि ती माझ्याबद्दलची होती.

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “तुमी माझ्याशी बोललेलं चालंल ना? उगा तुमाला तरास नको.”

चालेल की, एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणायच्या आधी मी मागे वळून व्हरांड्यात कोण कोण आहे ते पाहिलं, आणि मी वळून पाहिलेलं तिने पाहिलं.