फुल्यांची वही

वसुधा कानिटकरच्या तोंडून आजवर कुणी शिवी ऐकलेली नव्हती. फारच संतापली तर "मेला" म्हणायची आणि लगेच इकडेतिकडे बघायची. सिंगापुरात आंग मो किओच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत ती खरेदी विभागात होती. तिथे चुकीचा माल आला की बाकीचे सप्लायरचा फोनवर उद्धार करत, आणि ही बाई त्याला आधी "सर" म्हणून मग चार शब्द सुनवायची.

पण तिचं इंग्रजी! ते ऐकून भलेभले चक्रावत. मिरजेच्या कन्याशाळेत शिकलेली ही बाई फोनवर बोलायला लागली की अमेरिकेच्या दक्षिणेकडची एखादी तालेवार काकू बोलतेय असं वाटायचं. शब्द लांबवायची, हेल काढायची. कुठे शिकलीस म्हणून कुणी विचारलं तर "शेजाऱ्यांकडे," एवढंच सांगायची. ते खरं होतं, पण अर्धंच. तिचं इंग्रजी आलं होतं एका गँगस्टा रॅपच्या कॅसेटमधून. म्हणजे बंदुका, पोलीस, गल्लीतल्या खुन्नस, सगळं तालावर धडाधड बोलून दाखवायचं ते गाणं. आता हे कुणाला सांगणार, आणि सांगितलं तर विश्वास कोण ठेवणार?

त्याचं असं झालं. शहाण्णव साली गोविंद, म्हणजे तिचा नवरा, लुइझियानातल्या एका किनाऱ्याजवळच्या गावी पीएच.डी. करत होता. तिला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी येत नव्हती आणि इंग्रजी वाचता आलं तरी बोलताना दातखीळ बसायची. दिवसभर गेटवुड स्ट्रीटवरच्या भाड्याच्या घरात एकटी. एका दुपारी दार वाजलं. समोर सहा फूट उंच, गळ्यात साखळी घातलेला शेजारचा टेरन्स. त्यानं गाडीची डिकी उघडून दाखवली. आत कॅसेटी. त्याचा स्वतःचा आल्बम होता, 'लास्ट हाउस ऑन गेटवुड'. नावही त्यानं धारण केलं होतं भारी, ट्रिगर टी! नको म्हणायला वसुधाला इंग्रजी सुचेना, म्हणून तिनं मुकाट्यानं पाच डॉलर दिले आणि दार लावून घेतलं.

ट्रिगर वगैरे सगळं कॅसेटवर हं. एरवी हा टेरन्स टायरच्या दुकानात कामाला होता, झुरळ दिसलं की आईला हाक मारायचा. रेडिओवाल्यांनी त्याला दारात उभं केलं नाही, पेपरात एक ओळ छापून आली नाही. तीनशे कॅसेटी काढल्या, त्या गावातच खपल्या. पुढे कुणी नाव घेतलं नाही.

वसुधाला मात्र त्या कॅसेटीनं झपाटलं. पहिल्यांदा एक शब्द कळेना. मग ती हट्टाला पेटली. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागे न्यायची, परत ऐकायची आणि कानावर पडेल तसं देवनागरीत वहीत उतरवायचं. त्या उच्चाराला इंग्रजी स्पेलिंगांत कुठे जागा होती? अडलेला शब्द घेऊन ती पायरीवर शेंगा सोलत बसलेल्या लोरेटाबाईंकडे जायची. ह्या टेरन्सच्या आई. चर्चमध्ये गाणाऱ्या, देवभोळ्या, पण जिभेच्या फटकळ. त्या अर्थ सांगायच्या, दहादा म्हणून घ्यायच्या, चुकलं की मांडीवर चापट मारायच्या. परक्या मुलखात कुणी आपल्यावर इतकं हक्कानं रागावतं, ह्याचंच वसुधाला केवढं सुख वाटायचं.

फक्त शिवी आली की लोरेटाबाई वहीवर तळहात ठेवायच्या. "हे नाही. माझ्या पायरीवर नाही." आणि त्या कॅसेटीत तर शिव्यांचा नुसता सडा होता. मग वसुधानं मराठी पुस्तकांत छापतात तेच केलं. शिवीच्या जागी फुल्या टाकल्या. लहान शिवीला दोन, दांडग्या शिवीला पाच. दीड वर्षात अख्खी कॅसेट वहीत उतरली, फुल्यांसकट, आणि वसुधा घडाघडा बोलायला लागली.

नव्व्याण्णवला सिंगापूरला यायला निघाले तेव्हा लोरेटाबाईंनी तिला घट्ट धरून ठेवलं. पत्र टाक म्हणाल्या. हिनं दोन टाकली. मग अनुया झाली, नोकरी लागली, पीआरचे, म्हणजे कायम राहण्याच्या परवानगीचे, कागद, क्वीन्सटाउनचा फ्लॅट... नाताळात लोरेटाबाईंची कार्डं येत राहिली. शेवटच्या कार्डाला वसुधानं उत्तरच दिलं नाही. आज देऊ, उद्या देऊ करत राहून गेलं. त्याची टोचणी तिला होती.

दोन हजार सहाच्या जुलैत गोविंदच्या विद्यापीठाच्या जुन्या पत्त्यावरून फिरत फिरत एक ई-मेल आली. टेरन्सची. आदल्या वर्षीच्या कतरिना वादळात गेटवुड स्ट्रीट छपरापर्यंत पाण्यात गेली होती. लोरेटाबाईंना ह्यूस्टनला हलवलं, जानेवारीत त्या तिथेच वारल्या. चाळीस घरांपैकी अकरा घरांत माणसं परतली होती. वादळाला वर्ष होईल त्या दिवशी सगळे गल्लीत जमणार होते आणि त्यांची एकच मागणी होती, टेरन्सनं आल्बममधलं शेवटचं गाणं म्हणायचं. त्या गाण्यात तो गल्लीतल्या घराघरांवरून जातो, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, एकेकाचं नाव घेऊन, प्रत्येकाची खोडी काढत. आता बरीचशी घरंही नव्हती आणि माणसंही नव्हती. राहिलं होतं ते गाण्यात. आणि गाणं टेरन्सला अर्धंच आठवत होतं. कॅसेटी, मूळ टेप, कागद, सगळं पाण्यात गेलेलं. "मिस वासू, ज्यांना ज्यांना विकली त्या सगळ्यांना विचारून झालं. तुमच्याकडे असेल का हो?"

वसुधानं डोळे पुसले आणि पाच मिनिटांत उत्तर ठोकलं. आहे! पाठवते!

कॅसेट होती. कपाटाच्या वरच्या कप्प्यात, लग्नाच्या शालूखाली. पण सिंगापूरची दमट हवा कुणाला सोडते? टेपवर पांढरी बुरशी धरली होती. आता कुणा जाणत्याला दाखवावी की नाही? छे! हिला दम कुठला. कोपऱ्यावरच्या फ्लॅटमधल्या लिम अंकलचा जुना टेपरेकॉर्डर मागून आणला आणि लावली. दोन सेकंद ढोल वाजला आणि मग खर्रर्र... टेप आत गुरफटली. ती घाबरून ओढायला गेली तर तुकडे हातात आले. लिम अंकलनी चष्मा लावून बघितलं आणि मान हलवली. "No use already lah."

वसुधा ओक्साबोक्शी रडली. तिकडे पाण्यानं नेलं ते नेलं, उरलेलं आपण आपल्या हातानं संपवलं, हे तिला सोसेना.

"अगं, कळव त्याला, दुसरं काय करणार?" गोविंद म्हणाला. "दहा वर्षांची कॅसेट, कधीतरी जायचीच."

"कॅसेट काय म्हणतोस रे! लोरेटाबाई होत्या त्यात!" ती कडाडली. बाहेरच्या खोलीत मिरजेहून आलेले सासरे, अण्णा, पेपर वाचत बसले होते. त्यांच्यासमोर ती नवऱ्याला अहोजाहो करायची, पण त्या दिवशी तिला भान राहिलं नाही.

वही त्या रडण्यानंतर आठवली. ट्रंकेतून काढली, कागद पिवळे पडलेले, पण अक्षर न् अक्षर शाबूत. गोविंद म्हणाला, स्कॅन करून पाठव. अरे, पण त्याला देवनागरी कोण वाचून दाखवणार? आणि जागोजागी त्या फुल्या! एकच वाट होती. वसुधानं स्वतः म्हणून दाखवायचं.

शनिवारी सकाळी आठला, म्हणजे तिकडे शुक्रवारी संध्याकाळी सातला, स्काइपवर बोलायचं ठरलं. गोविंद अनुयाला घेऊन ईस्ट कोस्टच्या समुद्रकिनारी सायकली चालवायला गेला. अण्णांनाही नेणार होता, पण ते म्हणाले गुडघा दुखतोय, मी बसतो. झाली पंचाईत! कॉम्प्युटर हॉलमध्ये, अण्णाही हॉलमध्ये. टपाल खात्यात छत्तीस वर्षं काढलेला शिस्तीचा माणूस. सोफ्यावर पेपर उघडून बसले ते हलेचनात.

"मिस वासू?" आवाज जाड झाला होता, थकला होता, पण टेरन्सच. आईबद्दल दोघं थोडं बोलले. पत्र न टाकल्याचं वसुधानं सांगून टाकलं, माफी मागितली. तो म्हणाला, "तुमचं नाव निघायचं हो घरात. आई 'माझी शिकवलेली पोरगी' म्हणायची तुम्हाला."

मग तिनं वही उघडली. पहिल्या चार ओळी तिनं मीटिंगचा अहवाल वाचावा तशा वाचल्या. टेरन्स अदबीनं म्हणाला, "असं नाही. पाय हलवा, मिस वासू."

तिनं टेबलाखाली पाय आपटायला सुरुवात केली आणि जिभेला वळण आठवलं. पहिलं घर, दुसरं घर. अल्विन मास्तर आणि त्यांचा चावरा कुत्रा. चर्चला जाताना भांडणाऱ्या दोघी बहिणी. टेरन्स मध्येच ओरडायचा, "हां, हां, तीच!" फुली आली की ती थांबायची. "इथे तीन फुल्या आहेत," ती गंभीरपणे सांगायची. फुल्या म्हणजे काय हे कळल्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानंतर ती थांबली की तो तिथे आपली शिवी घालायचा, बरोब्बर तालात. तिच्या ओळी, त्याच्या शिव्या. अशी अडतीस घरं झाली. जी नावं त्याला महिनोन्‌महिने आठवत नव्हती ती एकापाठोपाठ एक परत येत होती, आणि तो ती सगळी टेप करून घेत होता. एकोणचाळिसावं वसुधाचं भाड्याचं घर. तिथे त्यानं नुसतं, दुमजली घर, दर वर्षी नवा भाडेकरू, असं म्हटलं होतं.

"आता शेवटचं घर. तुमचं," वसुधा म्हणाली. "इथे ढोल थांबतो आणि खिडकीतून आईंचा आवाज येतो."

"आईचा? टेपवर?"

"विसरलात? तुम्ही रेकॉर्ड करत होतात आणि त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या. तुम्ही ते तसंच ठेवलंत. पुढच्या कॅसेटींत काढतो म्हणाला होतात."

पुढच्या कॅसेटी कुठल्या निघायला! पलीकडून हळूच प्रश्न आला. "काय म्हणाली ती?"

वसुधानं वाचलं. "टेरन्स, बंद कर ते... इथे चार फुल्या आहेत... माझा भात करपला!"

"आई शिवी द्यायची नाही, मिस वासू."

"त्या दिवशी दिली."

"कुठली?"

बाकी सगळ्या फुल्या त्यानं भरल्या होत्या, ही त्याला भरता येणार नव्हती. ती शिवी आता जगात एकट्या वसुधाला ठाऊक होती. ती कॅसेट तिनं शेकडो वेळा ऐकली होती, एकूण एक शिवी तिला तोंडपाठ होती, कधी ओठांवर आणली नव्हती इतकंच. तिनं वळून सोफ्याकडे बघितलं.

अण्णांनी पेपर खाली घेतला. सुनेकडे बघितलं. मग उजव्या कानातलं यंत्र काढलं, डाव्या कानातलं काढलं, दोन्ही टीपॉयवर नीट शेजारी शेजारी ठेवली आणि पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

वसुधानं शिवी दिली. कुठली ते इथे छापायचं धाडस नाही, लोरेटाबाई पानावर हात ठेवतील. पण तिनं ती वाचली नाही, दिली. तोच हेल, तोच कावलेला आवाज, शेवटी भातावर तीच उसळी.

टेरन्स हसायला लागला. हसता हसता त्याचा आवाज फुटला आणि तो सहा फुटी माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "हीच. हीच माझी आई," एवढंच तो परत परत म्हणत होता. वसुधालाही वहीतलं काही दिसेनासं झालं.

"मिस वासू," जरा वेळानं तो म्हणाला, "परत एकदा म्हणाल? मोठ्यानं? गल्लीत स्पीकरवर लावीन म्हणतो. शेवटच्या घरातून यायला हवा ना तो."

कॉरिडॉरकडचं दार सताड उघडं होतं. वसुधानं ते लावलं नाही. पदर खोचायची सवय होती, अंगात तर टी-शर्ट होता, तिनं त्याचंच टोक मुठीत धरलं, खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि पोटातून आवाज काढून गेटवुड स्ट्रीटच्या पहिल्या घरापर्यंत जाईल इतक्या जोरानं टेरन्सला त्याच्या आईची शिवी घातली.