टेपवर नसलेली ओवी

बी.ए., एम.ए., पीएच.डी.चे कागद एका फायलीत मावतात. ते मिळवताना जे जे घडलं ते मात्र कशातच मावत नाही. आम्ही जुने दोघं-तिघं चहाला बसलो की एखादा नवा किस्सा निघतोच. बरेचसे हसण्यासारखे नाहीत. तरी आम्ही हसतो!

सत्तरच्या सुमाराला पुण्याच्या संगीत विभागात आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यातून तिघंच जायचो. मी कासारवाडीची, शाळेत बाई. नलिनी आकुर्डीची. आणि दापोडीच्या बौद्ध वस्तीतला सुदाम, फोर्जिंगच्या कंपनीत लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर कामाला. खरा गळा त्याचाच!

प्रवेशाच्या खिडकीवर क्लार्कनं त्याला विचारलं, "मुख्य विषय?"

"संगीत."

"अहो, मग पोटापाण्याचं काय?"

"ते पहिल्या शिफ्टला उरकून आलोय, साहेब!"

*

नलिनीला वडिलांनी बी.ए. करू दिलं, ते स्थळं येताना बरं दिसतं म्हणून. एकदा पाहुणे म्हणाले, "म्हण एखादं गाणं." हिनं विलंबित ख्यालच लावला. अर्धा तास! पोहे गार झाले. उठताना मुलाचे मामा म्हणाले, "नकारच द्यायचा होता, तर पत्रानं कळवायचं की!"

पुढच्या स्थळाला वडिलांनीच सांगून टाकलं, "गाणंबिणं येत नाही हो तिला." लग्न झालं. एम.ए.चा फॉर्म कोराच राहिला.

दोन वर्षांनी आकुर्डी स्टेशनवर भेटली. विचारलं, "गातेस का गं?"

"आमच्या कुकरची शिट्टी काळी चारच्या पट्टीत आहे," ती म्हणाली.

*

एम.ए.ला एक मोठे बुवा पाहुणे म्हणून आले. सुदामचा भूप ऐकताना डोळे मिटून डोलत होते. "वा! आडनाव काय रे तुझं?"

सुदामनं सांगितलं. बुवांनी डोळे उघडले. "आवाज चांगला आहे. भजनं म्हणत जा. ख्यालाला घरातले संस्कार लागतात."

सुदाम म्हणाला, "बुवा, डोळे मिटले होते तोवर लागत नव्हते का?"

प्रॅक्टिकलला तेच बुवा परीक्षक होते. सुदाम काठावर पास झाला. बुवा तसं बोलले त्या दिवशी वर्गात मी गप्प बसले होते, ते अजून डाचतं.

*

मग त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा ऐकू येईनात, मग माझं बोलणं; ते तो ओठ बघून ओळखायचा. कंपनीच्या डॉक्टरांनी विचारलं, "हॅमरजवळ किती वर्षं?"

"अकरा."

"कानात कापूस घालत जा."

"आता घालू?" सुदामनं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

गाणं सुटलं. पण त्यातून बाहेर पडेना गडी! म्हणाला, "गाता येत नाही, तर गाण्यावर लिहीन." पीएच.डी.ला विषय घेतला, जात्यावरच्या ओव्या. त्याही कारखान्यांत जमिनी गेलेल्या बायकांच्या. टेपरेकॉर्डर धरायला आणि ऐकायला मी!

*

भोसरीच्या बाजूला ठकूबाई नावाची म्हातारी होती. तिचं शेत एका कंपनीच्या शेडखाली गेलेलं. आम्ही शेजारणीचं जातं मागून आणलं. सुदाम वही घेऊन तिच्यासमोर बसला. चार ओव्या तिनं खणखणीत म्हटल्या. पाचवीला हात थांबला. जातं थांबलं. ती नुसती बसून राहिली. मी खाली मान घालून टेपचं चाक फिरताना बघत होते. पाच मिनिटं झाली असतील. मग ती म्हणाली, "झालं. आता न्हाई व्हायचं."

तोंडी परीक्षेला टेप लावायला मला आत बसू दिलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंध समोर ठेवून ऐकत होते. चार ओव्या झाल्या. मग नुसती खरखर. त्यांनी टेप मागे नेऊन पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा खरखर.

चष्मा काढून त्यांनी सुदामला मोठ्यानं विचारलं, "पाचवी ओवी तुम्ही छापलीय. 'माझ्या शेतावरी पडं पत्र्याची सावली, माती पुसती मातीला कुठं गेली माऊली.' टेपवर ही नाही. कुठून आणलीत?"

सुदाम गोंधळलाच. "म्हणजे? तिनंच म्हटली, सर. मी समोर बसून तिचे ओठ बघत लिहून घेतली."

"आवाज नाहीये तिथं!"

सुदामनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तू होतीस की. तुलाही नाही ऐकू आली?"