नटाला लावायचा गोंद यादीत का नाही?

आम्ही बागेतली खेळणी बनवतो. आज नव्या झोपाळ्याच्या असेंब्ली ड्रॉईंगवरून, म्हणजे जोडणीच्या नकाशावरून, माझं आणि सरांचं वाजलं. त्यावरच्या पार्ट लिस्टमध्ये मी नट-बोल्टच्या खाली एक ओळ वाढवली होती: नट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद.

सर म्हणाले, "अहो मॅडम, यादीत पार्ट लिहायचे. गोंद सूचनांच्या कागदावर आहे ना? नाहीतर उद्या फिटरचा चहाही टाका लिस्टमध्ये."

सगळे हसले. मीही हसले आणि ओळ काढली. पण सुट्या भागांच्या खोक्यासोबत साइटवर फक्त ड्रॉईंग जातं. सूचनांचा कागद ऑफिसातच राहतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे.

संध्याकाळी वारज्याला घरी येताना कर्वेनगरला मैत्रिणीकडे थांबले. तिच्या सोसायटीच्या बागेत आमच्याच कंपनीचा जुना झोपाळा आहे. एक चिमुरडी उंच झोके घेत होती आणि प्रत्येक झोक्याला वरून 'टक्' असा आवाज येत होता. मी धावत जाऊन साखळी धरली, तिला उतरवलं. वॉचमनकाकांच्या खुर्चीवर चढून नट धरला, तर तो बोटांनी फिरला.

"काकू, मला अजून खेळायचंय ना!" ती रडवेली झाली. काकांनी झोपाळा दोरीने बांधून टाकला.

घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि ती ओळ परत टाकली. उद्या सरांना जे बोलायचं ते बोलू देत. पण गोंदाची ओळ नसलेलं ते जुन्या झोपाळ्याचं ड्रॉईंग किती बागांमध्ये गेलं असेल?

तो टक् आवाज मला अजून ऐकू येतोय. जरा खिडकी उघडून बघा, तुमच्या खालच्या बागेतून तर येत नाहीये ना?