पॉइंट टू टूचा बॅच नंबर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी रेणापूर रोडच्या शूटिंग रेंजवर बसले होते... रायफल मुलीच्या हातात आणि धडधड माझ्या छातीत.

माझी मुलगी सई बारावीत आहे. दीड वर्षापासून क्लबची पॉइंट टू टू रायफल चालवते. पालथं झोपायचं, पट्टा दंडाला आवळायचा आणि पन्नास मीटरवरच्या कागदावर नेम धरायचा. त्यातलं काळं वर्तुळ इथून मोहरीएवढं दिसतं.

दोन महिने तिचा स्कोअर घसरत होता. चार-पाच गोळ्या बरोबर मध्यावर, बाकीच्या वर डावीकडे... कारण कुणाला कळेना. फौजेतून निवृत्त झालेले तिचे कोच बिराजदार सर म्हणायचे, ट्रिगर दाबताना पोरीचा श्वास चुकतो. मी म्हणायचे, मोबाईल. तो काढूनही घेतला.

शेवटी सांगून टाकलं, संघ निवडीच्या या ट्रायलला सिलेक्शन झालं नाही तर रायफल बंद, फक्त क्लास. सई भांडली नाही. नुसतं ताट उचलून आत गेली.

त्या रविवारी ट्रायलला आठ दिवस उरले होते. सईनं दोन डब्या उघडल्या, गोळ्या एकाच ट्रेमध्ये ओतल्या आणि रिकाम्या डब्या मागे टेबलावर ठेवल्या, माझ्यासमोर.

आता आमचं आहे मेडिकल. एकवीस वर्षं झाली, हातात खोका आला की आधी उलटा करून बॅच नंबर बघते. इथेही हात आपोआप गेला... कंपनी तीच, रंग तोच, पण दोन डब्यांवर नंबर दोन.

मी सरांना विचारलं, याला पण एक्स्पायरी असते का? ते हसले. म्हणाले, तो लॉट नंबर हाय ताई. जुना माल थोडा उरला होता, दोन महिन्यांपूर्वी नवा आला, तेव्हापासून दोन्ही मिळून वापरून राहिलो.

"दोन महिने" म्हणाले आणि स्वतःच थांबले.

मला राहवेना. बॅच बदलली की गोळीत नेमकं काय बदलतं? सरांनी सांगितलं, बारूद किंचित कमीजास्त होते, गोळीचा वेग बदलतो. एकेका रायफलला एखादा लॉट मानवतो, दुसरा मानवत नाही. मानवतो, हाच शब्द वापरला त्यांनी... आम्ही औषधाला वापरतो तो. पण एकाच कंपनीच्या मालात एवढा फरक पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मग त्यांनी सईला नवे दोन कागद लावून दिले. एकावर दहा गोळ्या जुन्या लॉटच्या, दुसऱ्यावर दहा नव्या. मी दुर्बिणीला डोळा लावून बसले... काय दिसतंय ते धड कळत नव्हतं, तरी डोळा काढवत नव्हता.

कागद हातात आले. पहिल्यावर दहाही भोकं मध्यावर, एकमेकांना चिकटलेली. दुसऱ्यावरही तशीच चिकटलेली... फक्त सगळी वर डावीकडे.

सईनं दोन्ही कागद एकावर एक धरून उजेडात बघितले. मग म्हणाली, "आई, म्हणजे मी नीटच मारून राहिले होते."

बिराजदार सरांनी टोपी काढली. म्हणाले, "पोरी, चूक माझी हाय. मी तुझ्या श्वासाला दोष देत बसलो."

एवढा ताठ माणूस... सतरा वर्षांच्या मुलीपुढे किती सहज म्हणाला. मी मात्र तिथे टेबलावरच्या रिकाम्या डब्या आवरत बसले.

ट्रायलला तिला एकाच लॉटच्या डब्या मिळाल्या. सिलेक्शन झालं. यादीत नाव सगळ्यात खाली आहे, पण आहे.

मला समाधान वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. यादी लागायची वाट न बघता, त्याच रविवारी स्कूटीवरून परत येताना मी तिला म्हणाले होते, चुकलं माझं. ती मागून होकार देत एवढंच म्हणाली, "हाव."

आणि मग घर येईपर्यंत तिनं माझ्या पाठीला डोकं टेकवून ठेवलं... मी स्कूटी जरा हळूच चालवली.