घुग्घुसचा अमोल

"मीच अमोल," दारात उभा असलेला मुलगा म्हणाला.

मी नुसती बघत राहिले. किडकिडीत अंग, जाड चष्मा, हातात इतिहासाचं गाईड. उंची जेमतेम माझ्याएवढी. या मुलाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आणि चार महिन्यांपासून अमोल रामटेके माझ्या संघाचा सेंटर होता.

"बी.ए. पहिलं वर्ष?" मी विचारलं.

"हो जी."

"बास्केटबॉल खेळतोस तू?"

त्यानं मान खाली घातली. आतून त्याच्या आईचा आवाज आला, "कोन हाय रे?"  मी हेल्मेट हातात घेऊन तशीच उभी.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. म्हणजे पीटीची मॅडम. विद्यार्थी असताना मी स्वतः विद्यापीठाकडून बास्केटबॉल खेळले, त्यामुळे मुलांचा संघही माझ्याकडेच. आमच्याकडे कबड्डीला गर्दी होते, बास्केटबॉलला नाही. तरी झोनमध्ये आठ कॉलेजांची लीग होते. लीग म्हणजे प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं. सात सामने, आणि वरचे दोन संघ विद्यापीठाच्या फायनल राउंडला. आमचं कॉलेज तिथे कधीच पोचलं नव्हतं.

त्या वर्षी पहिले दोन सामने आम्ही हरलो. मग सलग चार जिंकलो. चारही अमोलच्या जोरावर. सेंटर म्हणजे बास्केटखाली उभा राहून रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, घेणारा सगळ्यांत उंच गडी. अमोल सहा फूट दोन इंच होता आणि चेंडू त्याच्या हाताला चिकटायचा. शनिवारी शेवटचा सामना गडचिरोलीकडच्या एका कॉलेजशी होता. जिंकलो तर आम्ही वर, हरलो तर ते.

बुधवारी अमोल प्रॅक्टिसला आला नाही. गुरुवारी पण नाही. फोन बंद. कोणालाच धड काही सांगता येईना. मी ऑफिसमधून पत्ता घेतला आणि शुक्रवारी सकाळी स्कूटी काढून घुग्घुसला निघाले. रस्ताभर कोळशाचे ट्रक. पोचेपर्यंत माझी पांढरी ओढणी राखाडी झाली होती.

आईनं मला आत बसवलं, पाणी दिलं. "जयभीम, म्याडम. अमोलनं काई केलं का जी?"

"नाही बाई. अमोलनं काही केलं नाही."  खरंच, या अमोलनं काय केलं होतं?

तोच शेवटी बोलला. "म्याडम, तो नितीनदादा हाय. तुमच्या टीममधला. माह्या मोठा भाऊ."

"तो कोणत्या कॉलेजला आहे?"

"कॉलेजले नाई. कामावर जाते. ट्रकवर ताडपत्री बांधाच्या."

कोळसा भरलेल्या ट्रकवर चढून ताडपत्री ताणून बांधायची, हे त्याचं काम. म्हणजे माझा सेंटर विद्यार्थीच नव्हता. 

इथे थोडं समजावून सांगायला हवं. खेळाडूला खेळवण्यापूर्वी एलिजिबिलिटी फॉर्म भरावा लागतो. त्यात फोटो, ॲडमिशनची पावती, बारावीची मार्कशीट. खाली लिहिलेलं असतं, सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयाचा नियमित विद्यार्थी आहे. त्याखाली आधी माझी सही, मग प्राचार्यांची. प्राचार्य माझी सही बघून सही करतात. त्या वर्षी आयकार्ड छापून यायला उशीर झाला होता, म्हणून मी पावतीवर भागवलं. पावती अमोलची, मार्कशीट अमोलची, फोटो नितीनचा. भावाभावांचे चेहरे सारखे. नाक तेच, भुवया त्याच. फॉर्ममध्ये उंचीचा रकाना नसतो.

"तो प्रॅक्टिसला का येत नाही?" मी विचारलं.

अमोलनं गाईडमधून पेपरचं कात्रण काढलं. आमच्या चौथ्या विजयाची बातमी. फोटोत उडी मारलेला नितीन, खाली नाव अमोल रामटेके. "वर्गात सगळे हसून राह्यले मले. म्हंते, काऊन बे, रातोरात उंच झाला का. सरांनी विचारलं तर काय सांगू? मी दादाले म्हनलं, बस झालं आता. भांडन झालं आमचं."

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली.

नितीन रात्रपाळी करून आला होता. डोळ्यांभोवतालची गोल जागा सोडली तर सगळा काळा. मला बघून तो गाडीवरून उतरलाच नाही. दोन्ही पाय जमिनीला टेकवून तसाच बसून राहिला. मीच बाहेर गेले.

"नाव काय तुझं?" मी विचारलं. 

"नितीन."

"वय?"

"चोवीस."

"का केलंस?"

"म्याडम, मी काई ठरवून नाई केलं. अमोलच्या ॲडमिशनले आलो होतो. ग्राउंडवर पोरं खेळून राह्यले होते, म्हनून बगत उभा होतो. तुमीच हाक मारली. म्हनल्या, ए उंच, येतो का? मी दोन बास्केट टाकले. तुमी विचारलं, नाव काय, कोनत्या वर्गात. माह्या तर वर्गच नव्हता." त्यानं घराकडे बोट केलं. "म्हनून त्याचं सांगितलं."

मला तो दिवस आठवला. मीच हाक मारली होती. त्याचे ते दोन शॉट बघून मला इतका आनंद झाला होता की पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही.

"बारावीपर्यंत शाळेच्या टीमात होतो मी," तो म्हणाला. "बाबा गेले, मग सुटलं. एक डाव तुमाले सांगाले आलो होतो, खरं सांगतो. त्याच दिवशी तुमी जर्सी देली."

मी त्याला रागवायला हवं होतं. मला राग सापडला नाही. एवढंच म्हणाले, "उद्या येऊ नको." त्यानं मान हलवली. आई दारात उभी राहून दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला यातलं किती समजलं, मला माहीत नाही.

परत येताना मला वाटत होतं, धक्का बसायचा तेवढा बसला. खरा धक्का ग्राउंडवर वाट बघत होता.

आमचा कॅप्टन अर्शद. त्याच्या वडिलांचं गाड्यांच्या सीट शिवायचं दुकान आहे. शांत मुलगा. त्याला बाजूला घेऊन मी सगळं सांगितलं. तो दचकलाच नाही.

"तुला माहीत होतं?"

"हो म्याडम. सब को मालूम था. पहिल्याच महिन्यात त्यानं सांगून टाकलं."

"आणि मला एकानंही सांगितलं नाही?"

अर्शद माझ्याकडे विचित्र नजरेनं बघायला लागला. मग हळूच म्हणाला, "म्याडम, तुमाले मालूम नाई, हे आमाले मालूम नव्हतं."

"म्हणजे?"

"आमाले वाटलं तुमीच बसवला त्याले. फॉर्म तर तुमीच भरला ना. सगळ्याच कॉलेजवाले करतात म्हंते. आमी म्हनलं, चला, आपल्या म्याडम पण शिकल्या."

मी खाली बाकावर बसले. वीस वर्षं या ग्राउंडवर शिट्टी वाजवली. उशिरा आलेल्याला पळवलं, रेफ्रीशी वाद घालणाऱ्याला बाहेर बसवलं. त्याच ग्राउंडवर माझी बारा मुलं चार महिने मला लबाड समजत होती. आणि त्याचं त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. उलट बरं वाटलं होतं.

दुपारी मी प्राचार्यांकडे गेले. त्यांनी पंखा वाढवला, दार लोटून घेतलं.

"अजून कोणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

"संघाला."

"म्हणजे बाहेर कोणाला नाही. मॅडम, उद्या सामना आहे. तुम्ही घुग्घुसला गेलाच नाहीत असं समजा. सोमवारी बघू."

"सर, फॉर्मवर माझी सही आहे."

"माझीही आहे. म्हणूनच सांगतोय."

खोटं बोलत नाही, तासभर मी तसं समजून पाहिलं. स्टाफरूममध्ये बसून विचार केला, नितीनला उद्या बाहेर ठेवते, बाकीच्यांना खेळवते, जिंकलो तर जिंकलो. मागच्या चार विजयांचं काय? ते झाले ते झाले. पण डोळ्यांसमोर अर्शदचा चेहरा येत होता. उद्या मी गप्प बसले असते, तर त्याचा अंदाज बरोबर ठरला असता.

मी लीगच्या समन्वयकांना पत्र लिहिलं. सहा ओळींचं. खेळाडू विद्यार्थी नाही, चूक माझी, सही माझी. मेल करून फोनही केला. समन्वयकांनी मेल उघडून पत्र वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, असं पत्र मला आजवर कोणी दिलं नाही. काय करायचं असतं, तेही बघावं लागेल." संध्याकाळी निरोप आला. चारही विजय रद्द. शनिवारचा सामना ठरल्याप्रमाणे होईल, कारण समोरच्या संघाचं वेळापत्रक बदलता येत नाही. पण आमच्यासाठी तो धरला जाणार नाही.

मुलांना सांगितलं तेव्हा दोघं रडले. एक किट टाकून निघून गेला. अर्शदनं एवढंच विचारलं, "मग जाऊन फायदा काय?"

"फायदा नाही," मी म्हणाले. "ज्याला यायचं त्यानं सकाळी साडेसहाला गाडीपाशी यावं."

नऊ जण आले. सामना त्यांच्या ग्राउंडवर होता; मूल गाव मागे पडलं, जंगल लागलं.

ग्राउंडवर पोचलो तर समोरचा संघ वॉर्मअप करत होता. मी सवयीनं मोजले. आठच. त्यांचे दोन उंच फॉरवर्ड साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसले होते. मला वाटलं, आमचा सामना धरायचाच नाही म्हणून त्यांना आराम दिला असेल. तेवढ्यात त्यांचे कोच माझ्याजवळ आले. त्यांना मी बोरकुटे सर म्हणेन. पंधरा वर्षांची ओळख.

"तुमचं पत्र समन्वयकांनी वाचून दाखवलं," ते म्हणाले. "काल मग मीही फॉर्म काढून बसलो."

मी त्या दोघांकडे पाहिलं. मग सरांकडे.

"दोघंही बाहेरचे?"

"दोघंही. पण मला ठाऊक होतं, मॅडम. तुमच्यासारखं नाही."

 शिट्टी झाली, आम्ही आपापल्या बाकांकडे गेलो.

माझी मुलं त्या दिवशी जशी खेळली तशी पूर्ण सीझनमध्ये खेळली नव्हती. बास्केटखाली नितीन नव्हता, म्हणून चेंडू फिरवावा लागला. अर्शद एक मिनिटही बाहेर बसला नाही. शेवटच्या मिनिटाला आम्ही एका पॉइंटनं मागे होतो. त्यानं बाजूनं शिरून बास्केट केली, वर फाउल मिळवला, फ्री थ्रोही घातला. चोपन्न-बावन्न. आम्ही जिंकलो. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली, आणि मग हा सामना धरायचा नाही हे आठवून हळूहळू उठली.

फायनल राउंडला बोरकुटे सरांचा संघ गेला. त्यांनी पत्र दिलं नाही. मीही कोणाला सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आता ते निवृत्त आहेत, म्हणून लिहिते आहे.

आमच्या कॉलेजवर एक वर्षाची बंदी आली. मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कारणं दाखवा म्हणजे काय चुकलं ते लेखी कळवा. मी लिहिलं, "न तपासता सही केली." वेतनवाढ थांबली नाही, पण विद्यापीठाच्या क्रीडा समितीवरून काढलं. प्राचार्य वर्षभर माझ्याशी कामापुरतं बोलले. नितीनवर दोन वर्षांची बंदी. विद्यापीठात पंचविशीपर्यंतच खेळता येतं. त्यामुळे चोविसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे कायमचीच.

पुढच्या जूनमध्ये तो माझ्या केबिनमध्ये आला. हातात ॲडमिशनची पावती. बी.ए. पहिलं वर्ष, नाव नितीन रामटेके.

"तुला खेळता येणार नाही, माहीत आहे ना?"

"माहीत हाय. अमोल म्हने, तू पेपर दे, मी नोट्स देतो. पन संध्याकाळी ग्राउंडवर आलो तर चालन का जी?"

मी हो म्हणाले. पण आधी त्याची पावती, मार्कशीट आणि आधार कार्ड तिन्ही समोर ठेवून चेहरा पाहिला. तो हसला. मी हसले नाही.

आता फॉर्मवर सही करण्याआधी मी प्रत्येक नव्या खेळाडूच्या घरी जाऊन येते. पेट्रोल जातं, रविवार जातो. आणि सीझनच्या पहिल्या दिवशी मुलांना एक प्रश्न विचारते: माझ्याबद्दल तुम्हाला असं काय माहीत आहे, जे मला माहीत नाही? मुलं गप्प बसतात. मीही शिट्टी वाजवत नाही, कोणी बोलेपर्यंत.