यादी लागेपर्यंत

"बाई, जरा चहाचं बघता का?"

विभागप्रमुख दारात उभे होते. हातात आमच्या अर्जांचा गठ्ठा. व्हरांड्यातल्या बाकांवर आम्ही आठ जण बसलो होतो. सगळे लेखी परीक्षा पार करून पीएच.डी.च्या मुलाखतीला आलेले. विषय राज्यशास्त्र. त्या दिवशी शिपाई आला नव्हता.

सर एकेकाला नाव विचारत आले. नाव, मग गाव. माझ्यापाशी आले. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. त्यांनी गठ्ठ्यातून माझा अर्ज वर काढला. जातीच्या रकान्यावर नजर टाकली. आणि मग ते चहाचं वाक्य बोलले. अगदी सौम्य आवाजात.

आठांत आम्ही तिघी मुली होतो. बाकी दोघींना त्यांनी काही सांगितलं नाही.

मी उठले. हे मला आधी लिहायचंय. मी नाही म्हणाले नाही, का म्हणून विचारलं नाही. फाईल बाकावर ठेवली आणि उठले.

शेजारच्या खोलीत थर्मास होता. कप होते, बुडाला जुन्या चहाचे डाग. मी ते विसळले. भरले. ट्रे घेऊन आत गेले. टेबलाभोवती चौघे बसले होते. त्यांचं बोलणं चालू होतं, पक्षांतर्गत लोकशाही वगैरे. माझ्याकडे न बघता त्यांनी कप उचलले. थोड्या वेळाने मीच कप गोळा केले, मीच धुतले. पुन्हा बाकावर येऊन बसले, तर शेजारची मुलगी मोबाईलमध्ये मान घालून होती. ती सरकून बसली नाही.

मग माझं नाव पुकारलं.

आत गेले. बाहेरगावाहून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी मला बघितलं आणि म्हणाले, "अरे, चहा देणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

सगळे हसले. दुष्टपणाने नाही हसले. गंमत वाटली म्हणून हसले.

मीही हसले.

त्यांनी माझा आराखडा उघडला. राखीव जागेवर निवडून आलेल्या महिला सरपंच ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कुठे बसतात, कोणाच्या समोर बसतात, त्यावरून सत्ता कोणाच्या हातात आहे ते कसं कळतं, असा माझा विषय. तज्ज्ञ म्हणाले, "बसण्याची जागा हा काय राज्यशास्त्राचा विषय झाला? हे तर फर्निचरचं काम."

पुन्हा हसू. मी उत्तर तयार केलं होतं. चार पानं पाठ होती. पण हाताला भांड्याच्या साबणाचा वास येत होता आणि मी तो हात ओढणीखाली धरून बसले होते. "या तुम्ही," तज्ज्ञ म्हणाले. मी बाहेर आले.

यादी पंधरा दिवसांत लागणार होती. लागली नाही.

मी जळगावातच एका ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात कामाला होते. दिवसभर दुसऱ्यांचे प्रवेशअर्ज भरायचे. नाव, आईचं नाव, प्रवर्ग, दाखल्याचा क्रमांक. एक गिऱ्हाईक उठलं की दुसरं बसायच्या आत मी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं संशोधन विभागाचं पान उघडायची. तिथे एकच ओळ: प्रवेश यादी लवकरच प्रसिद्ध करण्यात येईल. महिना गेला. दुसरा गेला. ओळ तीच.

आई डाळमिलमध्ये डाळ निवडायला जाते. संध्याकाळी केसांत पिवळी धूळ घेऊन यायची आणि पायरीवरूनच विचारायची, "लागनी का यादी?"

"नही, माय."

मुलाखत चांगली झाली, असं मी तिला सांगितलं होतं. चहाचं सांगितलं नव्हतं.

पण चहा मला सोडत नव्हता. दुकानाशेजारी चहाची टपरी होती. तिथे कपबशी वाजली की माझी बोटं आखडायची. अर्ज भरता भरता मी मनात मुलाखत देत राहायची. रोज नव्याने. रोज वेगळं, धारदार उत्तर. एकदा एका मुलीच्या फॉर्ममध्ये पत्त्याच्या जागी मी 'बसण्याची जागा' असं टाईप केलं. ती म्हणाली, "ताई, हे काय लिहिलं?" मी खोडलं.

तज्ज्ञांचं हसणं मी विसरले असते. ते त्यांचं होतं. मला माझं हसणं ऐकू यायचं. रिक्षात, दुकानात, भाजी चिरताना. बारीक, लाचार, त्यांच्यामागून अर्ध्या क्षणाने आलेलं. ते कोणीतरी माझ्या घशातून हसलं होतं आणि अजून तिथेच बसलं होतं.

एका रविवारी मी धुळ्याची बस धरली. धुळ्याच्या अलीकडे आईचं माहेर आहे. तिथे माझी थोरली मावशी राहते. तिला सगळे अक्का म्हणतात. अक्का पाच वर्षं सरपंच होती, राखीव जागेवर. मी सातवीत असताना तिच्या कार्यालयात गेले होते. उपसरपंच खुर्चीत बसलेले. अक्का दाराजवळ, खाली, गोणपाटावर. सहीला रजिस्टर तिच्यापर्यंत खाली यायचं. माझा विषय तिथून आला होता. आराखड्यात मी तो सगळा प्रसंग लिहिला होता. पण तुला काय वाटायचं, हे मी अक्काला कधी विचारलं नव्हतं.

ती ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी.

"तू उठनी?" तिने विचारलं.

"उठले."

"हासनी बी?"

"हसले."

तिने हातातले दाणे सुपात टाकले. मग म्हणाली, "खुर्ची मनी व्हती. खाले बस असं माले कोनीच सांगं नही. मी आपलीच खाले बसनी. पाच वरीस. बाकी बठ्ठं मी इसरी गऊ. तेच आजून माले खास."

आमच्या बोलीत बठ्ठं म्हणजे सगळं, खास म्हणजे खातं. तिच्या चेहऱ्याकडे बघवेना. सत्तरीला आलेली बाई, आणि ते अजून तिला खात होतं. परतीच्या बसमध्ये मला भीती वाटली. यादीची नाही. सत्तराव्या वर्षी मीही कुठल्यातरी ओट्यावर बसून हेच सांगत असेन, याची.

पुढच्याच आठवड्यात सरांचा फोन आला. विभागात चर्चासत्र होतं. "उमेदवार आलेले बरे," ते म्हणाले. "समितीतले लोकही असणार आहेत."

गेले. चर्चासत्राचा विषय होता लोकशाही आणि सामाजिक न्याय. मी तिसऱ्या रांगेत बसले. व्यासपीठावरचे वक्ते संविधानाच्या उद्देशिकेतली व्यक्तीची प्रतिष्ठा समजावून सांगत होते. तेवढ्यात सर वाकून माझ्या कानाशी आले.

"पाहुण्यांच्या जेवणाचं जरा बघा. ताटं लावायची आहेत. त्या दिवशी तुम्ही छान सांभाळलंत."

मी म्हणाले, "सर, मी व्याख्यान ऐकायला आलेय. मी ताटं लावणार नाही."

त्यांना वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा सांगितलं. तेच शब्द. पुढच्या रांगेतले दोघे मागे वळले.

"यादी अजून लागलेली नाही, बरं का," सर म्हणाले. आवाज अजूनही सौम्य.

"माहीत आहे, सर."

"विचार करा."

"केलाय."

ते सरळ झाले. गेले. खुर्चीचा दांडा मी खालून घट्ट धरला होता. शूर वगैरे काही वाटलं नाही. पण मी उठले नाही. व्याख्यान संपेपर्यंत टिपणं काढत राहिले. नंतर बघितलं तर अक्षर मलाच लागेना. ताटं कँटीनच्या माणसांनी लावली. ते त्यांचंच काम होतं.

सहाव्या दिवशी यादी लागली. दुपारी, दुकानात, एका मुलाच्या फॉर्मची प्रिंट काढताना. मी वरून खाली वाचली. खालून वर वाचली. आडनाव टाकून शोधलं. नव्हतं. समोरच्याला त्याची प्रिंट दिली, सही कुठे करायची ते दाखवलं.

त्या संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. कप, हसणं, ताटं, सगळं. मला वाटलं, ती मला जवळ घेईल. ती म्हणाली, "ताटं मांडी देवाले काय व्हतं, बाई? एक दिवसनं काम."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग आला नाही. तिने सगळा जन्म असाच निभावला होता. मला घडवलं ते त्याच निभावण्यातून. पण तिला हो म्हणणंही मला शक्य नव्हतं.

मग मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला. तीन गोष्टी मागितल्या. लेखी परीक्षेचे गुण, मुलाखतीचे गुण, नाकारण्याचं कारण. उत्तर आलं. लेखीत मी आठांत पहिली होते. मुलाखतीत शेवटची. कारणाच्या जागी शेऱ्याचा रकाना होता. कोरा.

मी अपील केलं. सुनावणीला बोलावलं. अपील अधिकारी टेबलाच्या एका टोकाला, बाजूला सर. सर मला म्हणाले, "कशाला ताणताय? पुढच्या वर्षी बघू ना आपण. यात तुमचंच नुकसान आहे."

अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

"तो रकाना भरून हवाय," मी म्हणाले. "मला का नाकारलं ते लिहा. खाली सही करा."

सर म्हणाले, "मी तोंडी सांगतो ना."

"तोंडी बरंच ऐकलंय, सर."

खोलीत कोणी हसलं नाही.

त्या सुनावणीचा निर्णय अजून आलेला नाही. म्हणजे मी पुन्हा वाट बघतेय. तेव्हा ते पान उघडायची, आता रोज टपाल बघतेय. माझं ते हसणं अजूनही मधूनच ऐकू येतं. ते जाईल असं मला वाटत नाही.

यंदाची जाहिरात आलीय. मी अर्ज भरला. तोच विभाग, तेच विभागप्रमुख, तोच विषय. ओळखीचे लोक सांगतात, विषय बदल, दुसरं केंद्र बघ, सरांना एकदा भेटून ये. मी जाणार नाही. आराखड्यातला स्वल्पविरामसुद्धा बदललेला नाही.

अपील फेटाळलं तर वर दुसरं अपील आहे. यंदा नाकारलं तर यंदाचा रकाना मागेन. पुढच्या वर्षी पुढचा. मला नाकारायचं तर नाकारा. पण कारण लिहून नाकारा, खाली स्वतःचं नाव घालून नाकारा. तोवर मी दरवर्षी येईन.