मुकाशच्या पाळीचा बोझो

तुर्सुनायला खरं म्हणजे बिअर आवडायची. तीही थंडगार, कडवट, फेस नाकाला लागेल अशी. जनावरांच्या दवाखान्याचं काम शिकायला ती तरुणपणी इसिक-कुल सरोवराच्या काठी राहिली होती, तेव्हा तिथे चाकांवरची पिवळी टाकी यायची आणि नळाखाली पेला धरला की बिअर मिळायची. पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं, दुसऱ्याला विचारात पडली आणि तिसऱ्याला तिची आवड कायमची ठरून गेली. पण आतबाशीच्या खोऱ्यातल्या आमच्या गावात बाईमाणसानं असलं काही बोलून दाखवायचं नसतं. त्यातून तुर्सुनायचं नाव होतं ते बोझोसाठी.

हिवाळ्यात आमच्याकडे दुसरं करण्यासारखं असतं तरी काय? मेंढरं गोठ्यात, रस्ते बर्फाखाली. मग एका वयाची माणसं पाळीपाळीनं एकमेकांच्या घरी बसतात आणि मक्याचा आंबवलेला कोमट बोझो वाडग्यांतून फिरतो. ह्या बैठकीला जोरो म्हणतात. जोरोला स्वतःचा न्यायाधीश असतो. कुणी फुशारकी मारली, डुलकी काढली, वाडग्याच्या तळाशी घोट ठेवला, की तक्रार होते, खटला चालतो आणि दंड म्हणून गाणं तरी म्हणावं लागतं, नाहीतर आणखी प्यावं लागतं. सगळी थट्टाच, पण निकाल मोडायची छाती कुणाची नाही.

बसणाऱ्यांच्या आवडी म्हणाल तर दहा दिशांना दहा. इशेनचा जीव व्होडकात. बोझोला तो दात नसलेल्यांची पेज म्हणायचा. न्यायाधीश जापारला दाट, गोड, लाल वाइन प्रिय, आणि ती तो खोकल्याचं औषध म्हणून कपाटात ठेवायचा. पण तुर्सुनायच्या नवऱ्याच्या, मुकाशच्या घरची पाळी आली की हे दोघं दुपारपासून चांगले कपडे घालून तयार. त्या घरी इशेन व्होडकाचं नावही काढत नसे. तुर्सुनायच्या हाताचं कौतुक करून करून लोक थकायचे आणि ती खाली मान घालून हसायची. काय नम्र बाई आहे, असं सगळे म्हणायचे.

नम्र कसली डोंबलाची! तिला बोझोतलं ओ की ठो कळत नव्हतं. बोझो करायचा तो मुकाश.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिनं केलेला बोझो इतका भयानक झाला, की मुकाशनं तो पहाटे ओढ्यात ओतला आणि दार लावून स्वतः कढईपाशी उभा राहिला. आजीपाशी वाढलेला होता, तिचं बघून शिकलेला. बोझो हे बायकांचं काम. पुरुष कढईपाशी दिसला असता तर गावानं त्याला घागराच शिवून दिला असता. आणि नव्या सुनेला बोझो जमत नाही हे बाहेर पडलं असतं, तर तिचंही हसं झालं असतं. म्हणून कौतुक तिनं घ्यायचं, काम त्यानं करायचं, असं ठरलं. तो आत खटपट करत असताना ती बाहेर मेंढ्यांना इंजेक्शनं देत असायची. तिलाही ते सोयीचंच होतं. जोरोत वाडगा ओठांना लावायचा, आंबूस वास आला की हळूच पुढच्याकडे सरकवायचा, हे तिला इतकं सरावाचं झालं होतं, की कुणाच्या लक्षातही यायचं नाही.

मुकाश मागच्या हिवाळ्याच्या अखेरीला गेला. सगळ्यांच्या घरच्या बैठका झाल्या होत्या, त्याचीच तेवढी राहिली होती. वर्षाचं जेवण हिवाळ्याआधीच उरकून घेतल्यावर जापार घरी आला, चहा घेतला आणि फार सांभाळून म्हणाला, की ह्या हिवाळ्यात पहिली बैठक मुकाशच्या नावानं व्हावी असं सगळ्यांच्या मनात आहे. पण वहिनींच्या जिवावर येत असेल तर राहू दे. तुर्सुनायनं चटकन हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर त्याची पाळी कायमची राहून गेली असती, आणि ते तिला सहन झालं नसतं. जापार फाटकाबाहेर पडल्यावर ती सरळ कढईपाशी गेली.

कढई होती, मक्याचं पीठ होतं, मोड आणून वाळवलेला गहू होता. नव्हता तो फक्त मुकाश. पीठ तो किती भाजायचा? गहू कधी घालायचा? किती वेळ झाकून ठेवायचा? आणि मुळात चव कशी यायला हवी? ज्याची चव आपल्याला आवडत नाही ते चांगलं झालं की वाईट, हे माणसानं ओळखायचं कसं?

तिचा पहिला विचार सरळ होता: नारिन शहराच्या बाजारातून कॅनभर बोझो आणायचा. गेली. एका विकणारीकडे चाखला, दुसरीकडे चाखला, आणि तिला पहिल्यांदाच नवल वाटलं. एकीचा नुसताच आंबट, जीभ आक्रसून जावी असा. दुसरीच्यात भाजल्याचा वास होता आणि गोडवा घोट गिळल्यावर मागून यायचा. ही काय गंमत आहे? ती पुन्हा पहिलीकडे गेली, मग तिसरीकडे. विकणाऱ्या बायकांना प्रश्न विचारून विचारून तिनं वैताग आणला. शेवटी एकीनं विचारलं, "ताई, घ्यायचाय की परीक्षा घ्यायला आलात?" तुर्सुनाय रिकामा कॅन घेऊन घरी परतली आणि चूल पेटवली.

पहिल्या खेपेला पीठ करपलं. दुसऱ्या खेपेचा बोझो तिनं वैतागून अंगणात ओतला, तर शेजारणीचं वासरू येऊन चाटून गेलं आणि दुपारभर पाय फाकवून उभं राहिलं. शेजारणीनं ते आजारी आहे समजून तिलाच औषध विचारलं. तिसरी खेप मात्र बरी वाटली. बरी म्हणजे काय, हे ती कुणाला विचारणार? तिनं एक वाडगा घेतला आणि आयुष्यात प्रथमच तो शेवटपर्यंत प्यायली. वाईट नव्हता.

बैठकीच्या संध्याकाळी सगळे आले. मुकाशच्या जागेवर कुणी बसलं नाही. कुराण म्हटलं गेलं, मांस झालं, मग तिनं बोझो वाढला. वाडगे ओठांना लागले आणि सगळे एकमेकांकडे बघू लागले. तुर्सुनाय एकेकाचं तोंड बघत होती. जापारनं दुसरा घोट घेतला, जणू पहिल्यावर त्याचा विश्वास बसला नव्हता. गप्प बसणं सहन न होणारा इशेन उठला आणि रीतीप्रमाणे हात छातीवर ठेवून म्हणाला, "न्यायाधीश, तक्रार आहे. वहिनींनी आम्हाला बाजारचा बोझो पाजला."

सगळे हसले. इशेननं ते चांगल्या मनानंच केलं होतं. दुःखातली बाई, कुठे कढई घेऊन बसणार, विकत आणला तर काय बिघडलं, असं त्याला सगळ्यांच्या वतीनं म्हणायचं होतं. तुर्सुनायनं नुसती मान हलवली असती तरी एखाद्या गाण्याच्या दंडावर सुटली असती, आणि तिचं नाव आजवर होतं तसंच राहिलं असतं. जापार तर तिच्यासाठी सोपं गाणं कोणतं, त्याच विचारात पडला होता.

तुर्सुनायनं पळी खाली ठेवली.

"बाजारचा नाही, इशेन भावजी. मी केलाय. तुम्हाला वाढलेला माझ्या हातचा हा पहिलाच. आजपर्यंत ह्या घरात तुम्ही जो प्यायलात, तो सगळा ह्यांच्या हातचा."

तिला रडू आलं, आणि तिनं ते लपवलंही नाही. नवरा गेल्यापासून ती रडली होती, पण तेव्हा त्याच्या नावाचं काहीतरी आपण दाबून ठेवलंय हा सल सोबत असायचा. आज तो सल नव्हता.

जापारनं वाडगा खाली ठेवला. मग त्यानं निकाल दिला: बोझो बाजारचा नाही, सबब तक्रार खोटी, इशेननं ह्याच बोझोचे तीन वाडगे तळापर्यंत संपवावेत.

"ही शिक्षा फार आहे," इशेन म्हणाला, आणि खोली हसून मोकळी झाली. तुर्सुनायही डोळे पुसता पुसता हसली. इशेननं पहिला वाडगा संपवला, मिशा पुसल्या आणि वाडगा पुढे करत विचारलं, "पण वहिनी, मुकाश करायचा तरी कसा? घालायचा काय त्यात?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "इतकी वर्षं भिंतीपलीकडे हे करत होते. मी एकदाही विचारलं नाही."

खरं तर हे तिनं इशेनला सांगितलंच नव्हतं, स्वतःलाच सांगितलं होतं. मग जापार हळूच म्हणाला, की मुकाशचा बोझो ह्याच्यापेक्षा जास्त भाजलेला असायचा. इशेननं त्याला मध्येच तोडलं. भाजलेला नाही, दाट असायचा. कुणी म्हणालं, त्यात धुराचा वास यायचा. दुसऱ्यानं सांगितलं, धूर तुझ्या कोटाचा होता. बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले, प्रत्येकाच्या जिभेवर वेगळाच मुकाश.

तुर्सुनाय पुढे आली आणि मुकाशच्या रिकाम्या जागेवर बसली.

"थांबा, थांबा. एकेकानं सांगा. आधी गोड लागायचा, की आधी आंबट?"